सौंदर्यस्पर्धेतील शेवटचा प्रश्न

राष्ट्रीय सौंदर्यस्पर्धेचा अंतिम सोहळा पडद्यावर झळकला की आपल्याकडे दोन मते हमखास ऐकू येतात. एक पक्ष म्हणतो, ही स्त्रीची विटंबना आहे. दुसरा म्हणतो, ही स्त्रीची भरारी आहे. दोन्ही मते आता इतकी पाठ झाली आहेत की ती मांडण्यासाठी कार्यक्रम पाहण्याचीही गरज उरलेली नाही. आम्ही स्वतः पहिल्या पक्षाचे होतो आणि बऱ्याच अंशी आजही आहोत. तथापि देवपूर येथे युवतींच्या एका बैठकीत जे ऐकले, त्यामुळे हा विषय पुन्हा मुळापासून तपासून पाहावा असे आम्हांस वाटले.

देवपूर म्हणजे पांझरेपलीकडचे धुळे. महाविद्यालये, शिकवण्या आणि वसतिगृहे यांनी गजबजलेला हा भाग. शिरपूर, साक्री, शिंदखेडा या तालुक्यांतील खेड्यांतून मुली येथे शिकावयास येतात. बैठकीचा विषय प्रसारमाध्यमांचा होता. बोलता बोलता गोष्ट 'मिस इंडिया'वर आली. आम्ही बाह्य सौंदर्य क्षणभंगुर असते, अंतरीचे सौंदर्य खरे, असे नेहमीचे चार शब्द सांगितले. तेव्हा नर्सिंगचे शिक्षण घेणारी एक मुलगी उठून म्हणाली, "सर, गेल्या महिन्यात मला पाहायला पाहुणे आले होते. त्यांनी उंची विचारली, रंग पाहिला, थोडं चालून दाखव म्हणाले. मी काय शिकते याबद्दल एकसुद्धा प्रश्न नाही. टीव्हीवर त्या मुलींना शेवटी एक तरी प्रश्न विचारतात ना?"

बैठकीत हशा पिकला. परंतु त्या हशात तिच्या शेजारी बसलेल्या मुली सामील नव्हत्या, हे आमच्या ध्यानात आले. तिच्या बोलण्यातील तो 'एक प्रश्न' हाच या लेखाचा धागा होय.

स्पर्धा कोणासाठी जन्मली?

सौंदर्यस्पर्धांचा उगम व्यापारात आहे, ही गोष्ट लपलेली नाही. अमेरिकेतील अटलांटिक सिटी या समुद्रकिनाऱ्यावरील शहरात १९२१ साली 'मिस अमेरिका'ची सुरुवात झाली, ती उन्हाळा सरल्यावरही पर्यटकांनी मुक्काम लांबवावा म्हणून. 'मिस वर्ल्ड' १९५१ साली लंडनमध्ये एरिक मॉर्ली यांनी सुरू केली. 'मिस युनिव्हर्स' १९५२ साली पोहण्याचे कपडे विकणाऱ्या एका कंपनीच्या पुढाकाराने उभी राहिली. आपल्या देशात १९४७ साली एस्थर व्हिक्टोरिया अब्राहम, म्हणजे चित्रपटांतील प्रमिला, या पहिल्या मिस इंडिया ठरल्या. १९६४ पासून 'फेमिना' मासिकाची स्पर्धा सुरू झाली आणि पुढे तीच देशाची मुख्य स्पर्धा मानली गेली.

१९६६ साली मुंबईत शिकणारी, मूळच्या गोमंतकीय कॅथलिक कुटुंबातील रीटा फारिया लंडन येथे 'मिस वर्ल्ड' झाली. हा मुकुट मिळविणारी ती आशिया खंडातील पहिली स्त्री. ती ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयाची विद्यार्थिनी होती. तिचा विजय महाराष्ट्राने पाहिला नाही, वृत्तपत्रांत वाचला. मुंबईचे दूरदर्शन केंद्र त्यानंतर सहा वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. मुकुटाचे वर्ष संपताच रीटाने चित्रपट आणि जाहिराती यांकडे पाठ फिरविली, लंडनमध्ये वैद्यकीय शिक्षण पुढे चालविले आणि ती डॉक्टर झाली. मुकुट हा तिच्या आयुष्यातील एक प्रसंग होता, व्यवसाय नव्हता.

पुढे चित्र पालटले. १९९१ साली अर्थव्यवस्था खुली झाली, पाठोपाठ उपग्रह वाहिन्या आल्या आणि सौंदर्यप्रसाधनांच्या कंपन्यांना भारतीय मध्यमवर्गाचे घर दिसू लागले. १९९४ साली सुश्मिता सेन 'मिस युनिव्हर्स' आणि ऐश्वर्या राय 'मिस वर्ल्ड' झाली. १९९७ साली डायना हेडन, १९९९ साली युक्ता मुखी, २००० साली लारा दत्ता आणि प्रियांका चोप्रा अशी रांगच लागली. त्यानंतर मात्र 'मिस वर्ल्ड'साठी २०१७ पर्यंत आणि 'मिस युनिव्हर्स'साठी २०२१ पर्यंत भारताला वाट पाहावी लागली. दूरचित्रवाणीने एक गोष्ट निश्चित केली. धुळ्यातील दहा बाय दहाच्या खोलीतही हा मुकुट पोहोचला आणि त्याबरोबर त्याची मोजपट्टीही पोहोचली. भारतीय स्त्रीची सरासरी उंची सुमारे १५२ सेंटिमीटर, म्हणजे जेमतेम पाच फूट. राष्ट्रीय स्पर्धेतील किमान उंचीची अट त्याहून बरीच वरची. आपल्या बहुसंख्य मुली पहिला प्रश्न विचारला जाण्यापूर्वीच बाद झालेल्या असतात.

दोन उत्तरे

आता त्या शेवटच्या प्रश्नाकडे वळू. चालणे झाले, पोशाख झाले, मोजके चेहरे उरले की परीक्षक एक प्रश्न विचारतात. स्पर्धा बुद्धीचीही आहे, असा दावा आयोजक करतात तो याच टप्प्याच्या आधारे. म्हणून दोन उत्तरांची तुलना उद्बोधक ठरेल.

पहिले उत्तर नागपुरात जन्मलेल्या मधु सप्रे हिचे. ती मूळची खेळाडू. १९९२ साली 'मिस इंडिया' होऊन ती बँकॉक येथे 'मिस युनिव्हर्स'च्या अंतिम फेरीत पोहोचली आणि मुकुटाची प्रबळ दावेदार मानली जात होती. तुम्ही देशाच्या प्रमुख झालात तर काय कराल, असे तिला विचारण्यात आले. देशात मोठे क्रीडासंकुल उभारीन, अशा आशयाचे उत्तर तिने दिले. गरिबी वर्षभरात हटविता येणार नाही, हेही तिने पुढे स्पष्ट केले. ती तिसऱ्या क्रमांकावर राहिली आणि या उत्तरामुळेच मुकुट हुकला असे तेव्हापासून मानले जाते. गरीब देशाच्या कन्येने भुकेलेल्यांविषयी बोलावयाचे सोडून मैदानाविषयी बोलावे, याबद्दल तिची येथेही थट्टा झाली.

दुसरे उत्तर प्रियांका चोप्रा हिचे. ३० नोव्हेंबर २००० रोजी लंडनमध्ये 'मिस वर्ल्ड'च्या अंतिम फेरीत तिला विचारण्यात आले, की आज हयात असलेल्या स्त्रियांपैकी सर्वांत यशस्वी कोण? तिने मदर तेरेसा यांचे नाव घेतले. मदर तेरेसा ५ सप्टेंबर १९९७ रोजीच निवर्तल्या होत्या. प्रश्न हयात स्त्रीविषयी होता. तरीही मुकुट तिलाच मिळाला.

अठरा वर्षांच्या मुलीची चूक दाखवून हसावे, हा आमचा हेतू नाही. हजारो डोळ्यांसमोर, दिव्यांच्या झोतात, क्षणार्धात उत्तर देताना कोणाचीही जीभ घसरू शकते. प्रश्न परीक्षकांचा आहे. एका मुलीचे उत्तर प्रामाणिक होते, तिच्या स्वतःच्या घामातून आले होते, आणि ते महागात पडले. दुसरीच्या उत्तरात वस्तुस्थितीची ढळढळीत चूक होती, आणि तिचे काहीही बिघडले नाही. कारण दुसऱ्या उत्तराचा साचा योग्य होता. त्यात सेवा होती, करुणा होती, एका वंदनीय स्त्रीचे नाव होते. असे नाव उच्चारले की टाळ्या येतात आणि उत्तर कोणी तपासत नाही.

येथे आम्हांस थोडे अधिक बोलले पाहिजे, कारण नाव आमच्या घरातील आहे. कोलकात्यात १९५० साली मदर तेरेसा यांनी आपला संघ स्थापन केला तो रस्त्यावर टाकून दिलेल्या माणसांसाठी. ज्यांच्या देहाकडे पाहण्यास कोणी धजत नसे, ते देह त्यांनी हातांनी धुतले. २०१६ साली ख्रिस्तसभेने त्यांना संतपद दिले. देहाच्या मोजमापांवर उभ्या असलेल्या सोहळ्यात त्यांचे नाव इतक्या सहजपणे, मृत्यूची तारीखही न आठवता, यावे यातच बरेच काही आले. ते नाव तेथे व्यक्तीचे राहिले नाही. ते उत्तरपत्रिकेतील एक सुरक्षित शब्द झाले. आणि हे स्पर्धकच करतात असे नाही. 'अंतरीचे सौंदर्य' हा शब्द आम्ही देवपुरात तसाच वापरला होता, हे कबूल करावयास हवे.

कपड्यांवर अडकलेला वाद

सौंदर्यस्पर्धांना विरोध कमी झालेला नाही. १९७० साली लंडनमध्ये 'मिस वर्ल्ड'च्या सोहळ्यात स्त्रीमुक्तीवादी कार्यकर्त्यांनी पिठाच्या पुड्या फेकल्या होत्या. १९९६ साली बंगळूर येथे ही स्पर्धा भरली तेव्हा संस्कृतिरक्षक आणि डाव्या विचारांच्या स्त्रीसंघटना, दोघेही वेगवेगळ्या कारणांनी रस्त्यावर उतरले. मदुराईत एका तरुणाने निषेध म्हणून आत्मदहन केले. तडजोड अशी निघाली की पोहण्याच्या पोशाखाची फेरी सेशेल्स बेटांवर घ्यावी. पोशाख समुद्रापलीकडे गेले, व्यापार जागच्या जागी राहिला.

मराठी माणसाला हा वाद नवा नव्हता. १९३८ साली आचार्य अत्रे यांच्या कथेवरील, मास्टर विनायक दिग्दर्शित 'ब्रह्मचारी' या चित्रपटात मीनाक्षी शिरोडकर पोहण्याच्या पोशाखात दिसल्या आणि केवढा गहजब झाला! त्यांचीच नात नम्रता शिरोडकर १९९३ साली 'मिस इंडिया' झाली. आजी आणि नात यांच्यामध्ये पंचावन्न वर्षे गेली, आमच्या चर्चेचा विषय मात्र कापडाच्या लांबीपुढे फारसा सरकला नाही. २०१४ साली 'मिस वर्ल्ड'ने पोहण्याच्या पोशाखाची फेरी बंद करण्याचे जाहीर केले. ज्यांचा आक्षेप केवळ तेवढाच होता, त्यांचे समाधान झाले असेल. आमचे होत नाही, कारण मोजपट्टी तशीच आहे.

स्पर्धेच्या बाजूने जे बोलले जाते तेही न्यायाने ऐकले पाहिजे. २०२० सालच्या 'मिस इंडिया' स्पर्धेची अंतिम फेरी फेब्रुवारी २०२१ मध्ये मुंबईत झाली. तीत उपविजेती ठरलेली मान्या सिंह ही रिक्षाचालकाची कन्या. मुकुट घालून ती वडिलांच्या रिक्षातून आपल्या महाविद्यालयात आली, ते दृश्य साऱ्या देशाने पाहिले. तिच्या आईवडिलांच्या चेहऱ्यावरील अभिमान खोटा नव्हता. ज्या घरातील मुलीला बँकेचे कर्ज, वशिला वा वडिलार्जित जमीन यांपैकी काहीच मिळणार नाही, तिला ही एक शिडी दिसते. तिने ती चढावी की नाही, हे सांगण्याचा अधिकार ज्यांनी तिला दुसरी शिडी दिली नाही त्यांना कितपत आहे?

परंतु शिडीवर एकच मुलगी चढते आणि ती पाहण्यासाठी लाखो मुली खाली उभ्या राहतात, हेही विसरता कामा नये. मे २०२५ मध्ये तेलंगणात 'मिस वर्ल्ड' स्पर्धा भरली. रामप्पा मंदिराच्या भेटीच्या वेळी काही स्पर्धकांच्या पायांवर स्थानिक स्त्रियांनी पाणी घातले आणि ते पुसले. अतिथिसत्काराची परंपरा, असे त्याचे समर्थन झाले. अपमान, अशी टीकाही झाली. त्याच महिन्यात इंग्लंडची स्पर्धक मिला मॅगी स्पर्धा सोडून मायदेशी परतली. धनिक प्रायोजकांचे मन रमविण्यासाठी आपल्याला त्यांच्यासोबत बसविले गेले, असा तिचा आरोप होता. आयोजकांनी तो फेटाळला. आरोपाचा निर्णय आम्ही देऊ शकत नाही. परंतु जी संस्था १९७२ पासून 'सोद्देश सौंदर्य' असे बोधवाक्य मिरविते, तिच्या सोहळ्यात कोणी कोणाचे पाय धुतले, हे चित्र पुरेसे बोलके आहे. ज्या संत स्त्रीचे नाव उत्तरात घेतले जाते, ती त्या चित्रात कोठे उभी राहिली असती, हे वाचकांनीच ठरवावे.

आपल्या ओसरीवरील स्पर्धा

आता देवपूरच्या मुलीच्या प्रश्नाला सामोरे जाण्यावाचून गत्यंतर नाही. मंचावर घडते ते निंद्य असेल, तर आपल्या ओसरीवर पोह्यांच्या बशीसोबत जे घडते त्याला काय म्हणावे? तेथेही उंची विचारतात, रंग पाहतात, चालून दाखवावयास सांगतात. परीक्षक तेथेही असतात. निकाल तेथेही काही दिवसांनी, निरोपाने कळतो. नकार आल्यावर मुलीने हसत राहावे, ही अपेक्षाही तीच. ख्रिस्ती घरे यातून मुक्त आहेत, असे म्हणण्याचे धाडस आम्हांस होत नाही. 'गोरी, उंच, सडपातळ' हे शब्द आमच्या विवाहविषयक जाहिरातींतही आढळतात.

गोरेपणा विकणारी 'फेअर अँड लव्हली' ही क्रीम १९७५ साली बाजारात आली. तिच्या नावातील 'फेअर' हा शब्द निघावयास २०२० साल उजाडले. पंचेचाळीस वर्षे ती केवळ जाहिरातीच्या बळावर खपली नाही. आत्या, मावशी, शेजारीण यांनी ती मुलीच्या हातात दिली म्हणून खपली. आणि याच मातीशी नाते असलेली स्मिता पाटील आपल्याला ठाऊक होती. तिचे वडील शिवाजीराव पाटील आपल्या धुळे जिल्ह्यातील शिरपूरचे. सावळ्या वर्णाची ही मुलगी मुंबई दूरदर्शनवर मराठी बातम्या देऊ लागली, चित्रपटांत गेली, दोनदा राष्ट्रीय पुरस्कार मिळविते झाली. तिच्या चेहऱ्याचे कौतुक साऱ्या देशाने केले. आम्ही मात्र तिचे छायाचित्र भिंतीवर लावले आणि मुलीसाठी क्रीम आणली.

याहून गंभीर गोष्ट पुढेच आहे. १९९४ साली भारताच्या दोन कन्या जगाच्या मंचावर मुकुट घालून उभ्या राहिल्या. त्यांपैकी एकीने शेवटच्या प्रश्नाच्या उत्तरात स्त्रीत्व आणि मातृत्व यांचा गौरव केला होता. त्याच वर्षी भारताच्या संसदेला प्रसूतिपूर्व लिंगनिदानावर निर्बंध घालणारा कायदा करावा लागला. महाराष्ट्राने असा कायदा १९८८ सालीच केला होता. तरीही २०११ च्या जनगणनेत आमच्या शेजारच्या जळगाव जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या वयोगटात दर हजार मुलांमागे केवळ ८४२ मुली होत्या. जगातील सर्वांत सुंदर स्त्री आमची, या आनंदात आम्ही फटाके उडविले, आणि आमच्या घरात जन्मू पाहणारी मुलगी आम्हांला नको होती. तिची पहिली परीक्षा जन्मापूर्वीच झाली, आणि त्या परीक्षेत एकही प्रश्न नव्हता.

मैदान बांधणारे उत्तर

याच जळगावची आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. मूळजी जेठा महाविद्यालयात शिकत असताना प्रतिभाताई पाटील यांची 'कॉलेज क्वीन' म्हणून निवड झाल्याचा उल्लेख त्यांच्या चरित्रलेखांत येतो. त्या टेबल टेनिस खेळत. १९६२ साली, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, त्या जळगावातून विधानसभेवर निवडून गेल्या आणि २००७ साली देशाच्या पहिल्या महिला राष्ट्रपती झाल्या. त्यांच्या राजकारणाविषयी मतभेद असू शकतात. परंतु महाविद्यालयातील तो मुकुट आज कोणाच्या लक्षात आहे? लक्षात राहिली ती निवडणूक, कारण तेथे त्यांना उमेदवारी देणारे आणि मत देणारे लोक होते.

म्हणून मधु सप्रेचे उत्तर आम्हांस आज, इतक्या वर्षांनी, पटते. तिने मैदान मागितले होते. आमच्याच नाशिक जिल्ह्यातील सावरपाडा या आदिवासी पाड्यावरील कविता राऊत २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल क्रीडास्पर्धेत दहा हजार मीटर शर्यतीत कांस्यपदक जिंकून आली. धावपटू होण्यासाठी तिच्या रंगाची वा उंचीची अट कोणी घातली नाही. अंतर सर्वांना सारखे होते. मुलीला मोजावयाचेच असेल तर असे मोजावे.

सौंदर्यस्पर्धा बंद पाडा, अशी मागणी आम्ही करीत नाही. बंदीने मोजपट्टी मोडत नाही, ती घरात लपते. आमची विनंती साधी आहे. महाविद्यालयांच्या स्नेहसंमेलनांत 'मिस' निवडण्याची जी टूम निघाली आहे, तिच्यावर होणारा खर्च मुलींच्या क्रीडासाहित्याकडे वळवावा. विवाहविषयक जाहिरातींतून वर्णाचा उल्लेख काढून टाकावा. हे आपल्या हातचे काम आहे, त्यासाठी कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. आणि मुलीला पाहावयास जाणाऱ्यांनी तिला चालावयास सांगू नये. तिच्या शिक्षणाविषयी, कामाविषयी विचारावे, आणि उत्तर साच्यात बसले नाही तरी ते ऐकून घ्यावे.

बैठक संपताना आम्ही त्या मुलीला विचारले, की तुला कोणता प्रश्न विचारला गेलेला आवडला असता? ती क्षणभर थांबली. मग म्हणाली, "मला नको, सर. मुलाला विचारायला हवा. मला रात्रपाळी असेल तेव्हा घरचा स्वयंपाक कोण करणार?"

या वेळी तिच्या शेजारच्या मुलीही हसल्या. आमच्यापैकी जे पुत्रांचे पिते आहेत, त्यांनी हा प्रश्न घरी नेऊन जरूर विचारावा. त्याचे पाठ केलेले उत्तर अद्याप कोणाजवळ नाही.